विषाला औषध म्हणताना

आमच्या पलसाण्यात चारी बाजूंना ऊस. तोडणीला धुळे-नंदुरबारकडची कुटुंबं येतात. एकदा त्यातली एक बाई पाणी मागायला आली. हातात फवारणीच्या औषधाचा रिकामा डबा!

"अगं, यात विष होतं!"

"धुतलाय ना, ताई."

श्रावकाला वर्ज्य अशा पंधरा कर्मादानांत विषवाणिज्य आहे, हे आपण लहानपणापासून ऐकतो. पण शेतात त्याच विषाला 'औषध' म्हटलं की भीती जाते. १९५८ साली केरळात पॅराथिऑन मिसळलेल्या पिठानं शंभरावर माणसं गेली, तेव्हा कुठं सरकार हललं. १९६८चा कीटकनाशक कायदा झाला. पुढं डब्यावर रंगीत त्रिकोण आला. लाल म्हणजे सर्वांत जहाल, हिरवा त्यातल्या त्यात सौम्य. तरीही २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं वीसहून अधिक शेतकरी-मजूर दगावले.

त्या बाईला वाचता येत नव्हतं, आणि त्रिकोणाचा अर्थ कुणी सांगितलाच नव्हता. मी डबा ठेवून घेतला, त्याला भोक पाडलं, तिला घरची कळशी दिली. आपण पाणी गाळून पितो, मैत्रिणींनो. ती कशातून पिते, तेही बघायला हवं.