भिंगातला मुलूख

प्रवासाला निघताना कॅमेऱ्याचे कोणते भिंग बरोबर घ्यावे, हा प्रश्न आज आपण दुकानदाराला विचारतो. दीडशे वर्षांपूर्वी तो रसायनांना, हमालांना आणि उन्हाला विचारावा लागे. मी काही शास्त्रज्ञ नव्हे. मॅट्रिकपर्यंत शिकलेला मास्तर आणि फावल्या वेळी कादंबऱ्या लिहिणारा माणूस. परंतु आमच्या मोखाड्याच्या शाळेला एक जुना कॅमेरा मिळाला आणि एकच नवे भिंग घेता येईल एवढे पैसे जमले, तेव्हा या प्रश्नाचा मागोवा घेणे भाग पडले. सूर्यमाळचे पठार, देवबांधचा परिसर, शेजारच्या जव्हार तालुक्यातला दाभोसा धबधबा आणि पाड्यावरचे रोजचे जिणे, हे सारे मुलांनी स्वतः टिपावे असा आमचा बेत आहे. एका भिंगात हे सारे मावेल काय? छायाचित्रणाचा इतिहास चाळला तेव्हा ध्यानात आले, की मुलूख आणि माणूस यांची या कलेत आरंभापासूनच ताटातूट झालेली आहे.

१८३९ साली दागेरने आपली युक्ती पॅरिसमध्ये जाहीर केली. त्याच्या कॅमेऱ्याला शेव्हालिए या कारागिराचे भिंग होते. ते देखाव्याला उत्तम. पण त्याचे छिद्र फार लहान, आजच्या भाषेत सुमारे एफ १६. प्रकाश थेंबाथेंबाने आत येई. इमारत किंवा डोंगर मिनिटेच्या मिनिटे स्वस्थ उभा राहतो, माणूस राहत नाही. पुढच्याच वर्षी व्हिएन्नात पेट्झव्हाल नावाच्या गणितज्ञाने माणसांसाठी निराळे भिंग शोधून काढले. त्यातली किचकट आकडेमोड करण्यासाठी त्याला तोफखान्यातले हिशेबनीस मदतीला मिळाले होते. हे भिंग एफ ३.६ चे, म्हणजे आधीच्याहून सुमारे वीसपट प्रकाश आत घेणारे. आता माणसाचा चेहरा थोड्या वेळात उमटू लागला. मात्र या भिंगाची स्पष्टता मधोमध. कडेला चित्र विरघळून जाई. चेहऱ्याला ते चाले, मुलखाला चालेना. अशा रीतीने छायाचित्रकाराच्या पेटीत दोन भिंगे आली: एक देखाव्याचे, दुसरे माणसाचे.

ही पेटी आपल्याकडे फार लवकर पोहोचली. १८५४ साली मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली. कलकत्ता आणि मद्रास येथील मंडळे तिच्या मागून, १८५६ ची. डॉ. भाऊ दाजी लाड व त्यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे मुंबईच्या या मंडळात होते, आणि नारायण दाजी तर स्वतः कुशल छायाचित्रकार होते. एल्फिन्स्टन विद्यालयात १८५५ साली या कलेचा वर्ग निघाला; हरिश्चंद्र चिंतामण हे तेथे शिकून पुढे नामांकित झाले. विलायती विद्या आपल्याकडे नेहमी उशिरा येते अशी आपली समजूत आहे. या बाबतीत ती खरी नाही.

त्याच मुंबईत विल्यम जॉन्सन हा छायाचित्रकार काम करीत होता. 'द ओरिएंटल रेसेस अँड ट्राइब्स, रेसिडेंट्स अँड व्हिजिटर्स ऑफ बॉम्बे' हा त्याचा ग्रंथ लंडनहून १८६३ व १८६६ साली दोन खंडांत निघाला. पश्चिम हिंदुस्थानातल्या नाना जातीजमातींची चित्रे त्यात आहेत. माणसे मोकळ्या जागेत, देवळापुढे किंवा झाडाखाली उभी असावीत, असे पाहणाऱ्याला वाटते. वस्तुतः माणसांची छायाचित्रे वेगळी घेतलेली, स्थळांची वेगळी. नंतर आकृती स्थळांवर बसवून एक चित्र केलेले! ही माणसे त्या जागी उभीच नव्हती.

त्याने असे का केले असावे? माणसांची मांडणी आपल्या मनासारखी व्हावी हा हेतू असेलच. परंतु त्या काळच्या साधनांची अडचणही मोठी होती. छायाचित्र मोठे करण्याची सोय सुलभ नव्हती, म्हणून जेवढे चित्र हवे तेवढी काच कॅमेऱ्यात घालावी लागे. काच मोठी, तर भिंगाचे नाभीय अंतर लांब. आणि ते लांब झाले, की जवळचा माणूस व दूरचा डोंगर एकदम स्पष्ट येत नाहीत. छिद्र बारीक करावे, तर वेळ लांबतो आणि माणूस हलतो. काच ओली असतानाच सारे उरकावे लागे, म्हणून अंधारा तंबूही बरोबर हवा. सॅम्युएल बोर्न १८६३ साली हिमालयात छायाचित्रे घ्यायला निघाला तेव्हा त्याच्याबरोबर तीसएक हमाल होते. ज्यांच्या पाठीवरून काचा आणि भिंगे डोंगर चढली, ती माणसे त्या चित्रांत कितीशी दिसतात? क्वचित दिसली, तर डोंगराची उंची कळावी म्हणून उभी केलेली.

पुढे साधने सुधारली. १८६६ साली म्युनिकचा श्टाइनहाइल आणि लंडनचा डॉलमायर यांनी, जवळजवळ एकाच वेळी, सरळ रेघ सरळच दाखवणारी भिंगे काढली. कोरड्या काचा आल्या आणि अंधारा तंबू गेला. येनाच्या कारखान्यात नव्या जातीची काच तयार झाली, तिच्या बळावर १८९० साली त्साइसचे सुधारलेले भिंग निघाले आणि १९०२ साली प्रसिद्ध टेसार. १९२५ साली लायका कॅमेरा बाजारात आला. त्याचे चित्र अवघे ३६ बाय २४ मिलिमीटरचे, भिंग ५० मिलिमीटरचे. एवढ्या छोट्या चौकटीत जवळचे आणि दूरचे दोन्ही स्पष्ट ठेवणे सोपे झाले. यंत्राची अडचण संपली.

सवय मात्र संपली नाही. त्याचा पुरावा आमच्याच भागात आहे. १९९२-९३ साली जव्हार तालुक्यातल्या वावर-वांगणीच्या बालमृत्यूंनी देश हादरला. तेव्हापासून वर्तमानपत्रांना आमच्याकडचा चेहरा हवा असतो: खोल गेलेले डोळे, दिसणाऱ्या बरगड्या; मागचा मुलूख पुसट. पावसाळ्यात हौशी मंडळी येतात. त्यांना रुंद भिंगातून हिरवे डोंगर आणि धबधबे हवे असतात. माणूस मध्ये आला तर ते थांबून त्याला जाऊ देतात. एकाच्या चित्रात भूक आहे आणि शेत नाही. दुसऱ्याच्या चित्रात शेत आहे, पण नाचणी लावणारे हात नाहीत. दोघेही आपापल्या परीने खरे. पण ही दोन चित्रे जोडल्यावाचून, या हिरव्या डोंगरात मूल उपाशी का, हा प्रश्न कोणाला पडणार?

म्हणून भिंग निवडताना मी अंतराचा हिशेब मांडला. लायकाच्या मापाची आडवी चौकट धरा आणि उभा माणूस तिच्या निम्म्या उंचीचा यावा असे समजा. २०० मिलिमीटरच्या भिंगाने त्याच्यापासून पंचवीस मीटरहून अधिक दूर उभे राहावे लागते. त्याला पत्ताही लागत नाही. २४ च्या भिंगाने तीन-साडेतीन मीटरवर जावे लागते आणि मागचा डोंगर टेकडीएवढा होतो. ३५ च्या भिंगाने अंतर पडते साडेचार-पाच मीटर. हे बोलण्याचे अंतर आहे. एवढ्या जवळून कोणाचे चित्र घ्यायचे तर आधी विचारावे लागते आणि त्याचा नकार ऐकू येतो. शिवाय छिद्र एफ ११ वर ठेवून पावणेचार मीटरवर रोख धरला, तर सुमारे दोन मीटरपासून क्षितिजापर्यंत सारे स्पष्ट येते. जॉन्सनला दोन चित्रे जोडून जे करावे लागले, ते आता एका दाबात होते. आमच्या वारली भिंतीवर तर हे अंतर कधी नव्हतेच. तेथे माणूस, झाड आणि डोंगर एकाच पांढऱ्या रंगात, एकमेकांच्या शेजारी नांदतात.

मागेपुढे होणारे झूम भिंग सोयीचे खरे. तरी आम्ही एकाच नाभीय अंतराचे घेणार आहोत. आमच्या शेजारच्या त्र्यंबकेश्वरी जन्मलेल्या दादासाहेब फाळके यांनी १९१२ च्या सुमारास कुंडीतल्या रोपासमोर कॅमेरा लावला आणि दिवसामागून दिवस चित्रे घेऊन अंकुराची वाढ पडद्यावर दाखवली. त्यातला धडा आम्हाला उपयोगी आहे. जागा तीच, भिंग तेच ठेवले, म्हणजे जो फरक दिसेल तो मुलखाचाच असतो. मुलांनी श्रावणात, दिवाळीत आणि वैशाखात त्याच पाड्यासमोर त्याच खुणेवर उभे राहायचे ठरले आहे. दिवाळी झाली, की आमच्याकडची कुटुंबे जगायला बाहेर पडतात. भिवंडी-वसईकडच्या वीटभट्ट्यांवर जातात आणि पुष्कळदा पोरेही बरोबर नेतात. तिसऱ्या चित्रात अंगण असेल, डोंगर असेल, दाराला कडी असेल. पहिली दोन चित्रे शेजारी ठेवली म्हणजे त्या अंगणातून कोण गेले ते कळेल.

व्यवहाराच्या दोन गोष्टी राहिल्या. कॅमेऱ्याची चौकट लहान जातीची असेल, तर ३५ चे काम २४ मिलिमीटरचे भिंग करते. घेण्याआधी हे पाहावे. आणि आमच्या पावसात भिंगाला बुरशी धरते. ती काच खाते आणि एकदा रुतली की जाता जात नाही. म्हणून घट्ट झाकणाच्या डब्यात, ओल शोषणाऱ्या पुड्या घालून भिंग ठेवावे आणि पुड्या वरचेवर सुकवाव्यात. हे काम सातवीच्या मुलींकडे सोपवले आहे. डब्याची किल्लीही त्यांच्याकडेच राहील.