पहारेकरी दमले आहेत

नोव्हेंबर १९१७. सत्ता बोल्शेविकांनी आधीच बळकावली होती, तरी रशियाच्या संविधान सभेची निवडणूक झाली. बायकांनीही मतदान केलं. समाजवादी क्रांतिकारी पक्षाला सुमारे ४० टक्के मतं, बोल्शेविकांना २४च्या आसपास. हरलेल्यांकडे बंदुका होत्या.

५ जानेवारी १९१८ (जुनं रशियन कॅलेंडर), पेत्रोग्राद.

दुपार. सभेच्या समर्थनार्थ निघालेल्या मोर्च्यावर लितेयनी रस्त्याजवळ गोळीबार. माणसं मेली. गोळ्या झाडणारे झारचे शिपाई नव्हते, तरीही लेखक गॉर्कीला १९०५चा, झारच्या गोळीबाराचा रक्तरंजित रविवार आठवला आणि त्यानं तसं छापलं.

चारच्या सुमारास. तावरीद राजवाडा. ज्येष्ठ सभासद श्वेत्सोव्ह सभा सुरू करायला उठले, तर एकच कल्ला. बोल्शेविकांच्या स्वेर्दलोव्हनं त्यांच्या हातातली घंटाच काढून घेतली. सज्जात खलाशी, काहींच्या बंदुका थेट वक्त्यांवर रोखलेल्या. सभासद मात्र खिशात मेणबत्त्या आणि सँडविच घेऊन आले होते: वीज तोडली, खाणं बंद केलं तर? बोल्शेविक नेता त्रोत्स्कीनं पुढे याची टर उडवली. मला ती तयारी हास्यास्पद वाटत नाही. अंधार होणार हे त्यांना कळलं होतं, एवढंच.

संध्याकाळ. अध्यक्षपदी समाजवादी क्रांतिकारी पक्षाचे चेर्नोव्ह, २४४ मतांनी. लांबलचक भाषणं. बोल्शेविकांचा नेता लेनिन व्यासपीठाच्या पायऱ्यांवर पसरलेला, जणू डुलकी घेतोय. पुढे बोल्शेविकांचा जाहीरनामा २३७ विरुद्ध १४६ मतांनी चर्चेलाही घेतला गेला नाही.

रात्री एकच्या सुमारास. बोल्शेविक उठून गेले. लेनिनची लेखी सूचना अशी, की आतल्यांवर हात टाकू नका, सुखानं बाहेर पडू द्या. उद्या मात्र कुणाला आत सोडू नका.

पहाटे चार वाजून गेले. बोल्शेविकांच्या बाजूचे डावे समाजवादी क्रांतिकारीही निघून गेलेले. चेर्नोव्ह जमीन कायदा वाचत होते. पहाऱ्याचा प्रमुख झेलेझ्न्याकोव्ह, अराजकतावादी खलाशी, त्यांच्याजवळ आला. सभागृह रिकामं करा म्हणाला, पहारेकरी दमले आहेत. दमलो तर आम्हीही आहोत, असं चेर्नोव्हनी सुनावलं आणि उरलेले ठराव घाईघाईनं मंजूर करून घेतले. जमिनीवरची खाजगी मालकी कागदावर संपली.

४.४०. सभा तहकूब. पुढची बैठक त्याच दिवशी संध्याकाळी पाच वाजता.

सभासद परतले तेव्हा राजवाड्याच्या दाराला कुलूप होतं आणि बाहेर पहारा.