बालाघाटचे स्थलांतर प्रमाणपत्र

जून उजाडला की गोव्यात दोन गोष्टी एकदम सुरू होतात. एक पाऊस आणि दुसरी कॉलेजप्रवेशाची धावपळ. प्लॅस्टिकच्या पिशवीत कागद गुंडाळून, छत्री सांभाळत मुले रांगेत उभी राहतात. गुणपत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला, रहिवासी दाखला, जातीचा दाखला, आणि मूल दुसऱ्या बोर्डातून आलेले असेल तर मायग्रेशन सर्टिफिकेट, म्हणजे स्थलांतर प्रमाणपत्र. या शेवटच्या कागदाकडे पाहिले की मला बालाघाटची आठवण होते.

बालाघाट म्हटल्यावर आपल्याला बीडकडची डोंगररांग आठवते. मी म्हणतो तो बालाघाट वेगळा. तो वैनगंगेच्या काठचा जिल्हा आहे. गोंदियाहून सुमारे ४० किलोमीटरवर असला तरी तो मध्य प्रदेशात मोडतो. नागपूरकर भोसल्यांचे राज्य १८५३-५४ मध्ये खालसा झाले, १८६१ साली मध्य प्रांत तयार झाला आणि १८६७ साली भंडारा, मंडला व सिवनी या जिल्ह्यांचे तुकडे जोडून इंग्रजांनी हा नवा जिल्हा केला. मुख्य ठिकाणाचे जुने नाव बुऱ्हा. लोक पोवारी बोलतात, मराठी बोलतात, हिंदी बोलतात, आणि बैहरकडच्या जंगलात गोंड व बैगा राहतात. घरात एक बोली, बाजारात दुसरी आणि शाळेत तिसरी हा प्रकार गोव्याच्या माणसाला समजावून सांगायला नको.

आता या जिल्ह्यातल्या मुलाने कॉलेजात नाव घालायचे म्हणजे कुठे? या एका प्रश्नात तिथला दीडशे वर्षांचा इतिहास सापडतो.

नागपूरला हिस्लॉप कॉलेज १८८३ साली निघाले आणि मॉरिस कॉलेज १८८५ साली. पण त्या काळी मध्य प्रांताला स्वतःचे विद्यापीठ नव्हते. कॉलेजे आधी कलकत्त्याशी जोडलेली होती, पुढे अलाहाबादशी. म्हणजे शिकायचे नागपूरला किंवा जबलपूरला आणि परीक्षा द्यायची गंगेकाठच्या विद्यापीठाची. १९२३ साली नागपूर विद्यापीठ स्थापन झाले, तेव्हा पदवीचे गाव पहिल्यांदा प्रांतात आले. १९०३ च्या सुमारास गोंदियाहून निघालेली छोट्या रुळांची गाडी बालाघाटवरून जाऊ लागली होती. त्या डब्यात बसून गोंदियाला उतरायचे आणि मोठ्या गाडीने नागपूर गाठायचे, हा जिल्ह्यातल्या शिकणाऱ्या मुलांचा सरळ रस्ता झाला. प्रांताची राजधानी नागपूर, न्यायालय नागपूर, विद्यापीठही नागपूर. १९५० साली तर या राज्याने हिंदी आणि मराठी अशा दोन्ही भाषांना राज्यभाषा म्हणून कायद्याने मान्यता दिली.

पण तोवर वारे बदलू लागले होते. १९४६ साली डॉ. हरिसिंग गौर यांच्या देणगीतून सागरला विद्यापीठ झाले आणि महाकोशलचा हिंदी भाग तिकडे वळला. १९५६ च्या जून महिन्यात जबलपूरचे विद्यापीठ स्थापन झाले. त्याच वर्षी १ नोव्हेंबरला राज्यांची पुनर्रचना झाली. विदर्भाचे आठ मराठी जिल्हे मुंबई राज्यात गेले आणि बालाघाट नव्या मध्य प्रदेशात राहिला. राजधानी भोपाळ झाली. पुढे बालाघाटची कॉलेजे जबलपूरच्या विद्यापीठाखाली आली आणि १९८३ साली त्या विद्यापीठाला राणी दुर्गावतीचे नाव मिळाले. २०१९ साली छिंदवाड्याला नवे विद्यापीठ झाले आणि बालाघाट जिल्हा त्याच्या क्षेत्रात घालण्यात आला.

कलकत्ता, अलाहाबाद, नागपूर, सागर, जबलपूर, छिंदवाडा. गाव होते तिथेच राहिले, वैनगंगाही तिथूनच वाहते आहे, पण पदवीवरचा शिक्का मात्र फिरत राहिला. आणि वारासिवनीच्या एखाद्या मुलाला आज गोंदियाच्या कॉलेजात शिकायचे असेल, तर स्थलांतर प्रमाणपत्र त्याच्याकडे मागितले जाते! आजोबांना नागपूर विद्यापीठात जाण्यासाठी प्रांत ओलांडावा लागत नव्हता. नातवाला तासाभराच्या वाटेसाठी राज्य बदलावे लागते.

आपल्याकडे याच्या उलटे घडले. पोर्तुगीज अमदानीत पणजीला १८४२ पासून वैद्यकीय शाळा होती आणि १८५४ पासून लिसेंव होते. पण मराठी-इंग्रजी शिकलेल्या मुलाला मॅट्रिकसाठी आणि पुढच्या शिक्षणासाठी बेळगाव, पुणे किंवा मुंबई गाठावी लागे. ज्याच्या घरची ऐपत होती किंवा ज्याचा कोणी नातेवाईक तिकडे होता तो गेला. बाकीचे राहिले. मुक्तीनंतर १९६२ साली पणजीत धेंपे आणि मडगावात चौगुले कॉलेज सुरू झाले, पण दोन्ही मुंबई विद्यापीठाशी संलग्न. १६ जानेवारी १९६७ च्या जनमत कौलाने गोवा महाराष्ट्रात विलीन झाला नाही, तरी आपल्या मुलांच्या पदवीवर १९८५ साली गोवा विद्यापीठ होईपर्यंत मुंबईचेच नाव येत राहिले. राजकारणाने वेगळे ठेवलेले शिक्षणाने जोडलेले राहिले. बालाघाटात आधी शिक्षणाची वाट वळली आणि मागाहून राज्यही वेगळे झाले.

याचा परिणाम भाषेवर होतो. आपल्या पिढीचा मराठीशी संबंध टिकला त्यात मुंबई विद्यापीठाच्या पुस्तकांचा आणि परीक्षांचा वाटा मोठा आहे. बालाघाटच्या मराठी घरांना तो आधार मिळाला नाही. अर्ज हिंदीत, सूचना हिंदीत, नोकरीची जाहिरात हिंदीत. मराठी राहिली ती ओसरीवर, लग्नकार्यात आणि गोंदिया-नागपूरच्या सोयरिकीत. कोणी ती हाकलून लावली असे नाही. ती प्रवेशअर्जात कुठे भरायची हे कोणाला ठाऊक नव्हते, इतकेच.

असो. मात्र या गोष्टीला दुसरी बाजू आहे आणि ती सांगितली नाही तर अन्याय होईल. विद्यापीठ कोणतेही असो, कॉलेज घराजवळ आले की नाव घालणारी माणसेच बदलतात. अमेरिकेत शिकागोजवळच्या जोलिएट गावी १९०१ साली एका हायस्कूलमध्येच पुढचे वर्ग सुरू झाले. विद्यार्थी होते सहा. घर न सोडता शिकता यावे एवढाच हेतू. तिथूनच पुढे कम्युनिटी कॉलेजची कल्पना वाढली. आपल्या देशात १९९५ साली पाँडिचेरीत असे पहिले कॉलेज झाले. पुढे २००९ साली इग्नूने आणि २०१३ साली विद्यापीठ अनुदान आयोगाने या कल्पनेच्या योजना काढल्या. परिसरातला धंदा पाहून अभ्यासक्रम आखायचा आणि ज्याला गाव सोडता येत नाही त्याच्यासाठी दार उघडे ठेवायचे, हे त्यांचे सूत्र.

बालाघाट शहरात जटाशंकर त्रिवेदी शासकीय महाविद्यालय आहे आणि मुलींसाठी कमला नेहरू महाविद्यालय आहे. त्यांना कोणी कम्युनिटी कॉलेज म्हणत नसेल, पण काम बरेचसे तेच. नाव आता ई-प्रवेश नावाच्या सरकारी संकेतस्थळावर घालायचे. घरी संगणक नसेल तर चौकातल्या एमपी ऑनलाइनच्या दुकानात बसून. कॉलेज आणि विषयांची पसंती भरायची, कागद तपासून घ्यायचे, यादीत नाव आले की फी भरायची. २०२१ पासून तिथे पदवीबरोबर एक व्यावसायिक विषयही घ्यावा लागतो. त्यात सेंद्रिय शेती आहे, बागायत आहे, औषधी वनस्पती आहेत. ज्या जिल्ह्याच्या चिन्नोर तांदळाला २०२१ साली भौगोलिक मानांकन मिळाले, तिथे शेतकऱ्याच्या मुलीने सेंद्रिय शेतीपुढे खूण करणे काही वावगे नाही.

मुलीचा उल्लेख मुद्दाम केला. २०११ च्या जनगणनेत बालाघाटात दर हजार पुरुषांमागे १०२१ स्त्रिया होत्या. मध्य प्रदेशातले ते सर्वांत वरचे प्रमाण. २००५ सालापासून त्या राज्यात 'गाँव की बेटी' योजना आहे. खेड्यातली मुलगी बारावीला पहिल्या वर्गात आली आणि कॉलेजात दाखल झाली, तर महिन्याला ५०० रुपये, वर्षाचे दहा महिने. रक्कम लहान आहे, पण बसभाड्याला उपयोगी पडते. मुलीला नागपूरला किंवा जबलपूरला ठेवायला जो बाप तयार नसतो, तो तिला सकाळच्या बसने बालाघाटला पाठवायला तयार होतो. आपल्याकडे धेंपे आणि चौगुले सुरू झाल्यावर पेडण्याच्या आणि काणकोणच्या मुलींचे हेच झाले. बेळगावला ज्या गेल्या नसत्या त्या पणजी-मडगावला गेल्या.

म्हणून बालाघाटचा हिशेब मला एका बाजूने मांडता येत नाही. त्या जिल्ह्याने नागपूर गमावले आणि त्याबरोबर मराठीचा मोठा आधारही गमावला. पण ज्या मुलींच्या आज्यांना नागपूर कधी मिळालेच नव्हते, त्यांना बालाघाटचे कॉलेज मिळाले. आता उरले ते एवढेच की सीमेच्या दोन्ही बाजूंच्या कॉलेजांनी एकमेकांच्या मुलांना थोडे सोपे करावे. गोंदियाच्या वाचनालयात वारासिवनीच्या मुलीला मराठी पुस्तक मिळावे, आणि ते मागताना तिला कोणी स्थलांतर प्रमाणपत्र विचारू नये.