गेरू आणि हिरमुजी

घराच्या भिंतीला कोणता रंग द्यावा, हा प्रश्न इतिहासाचा आहे असे सहसा कोणाला वाटत नाही. दोन मंद तांबूस छटांपैकी एक निवडताना आपण उजेड पाहतो, खर्च पाहतो आणि मोकळे होतो. परंतु आपल्या जुन्या घरांना अशाच दोन छटा परिचित होत्या, आणि त्यांच्या नावांतच त्यांचा इतिहास साठलेला आहे. त्या म्हणजे गेरू आणि हिरमुजी.

प्रथमदर्शनी दोन्ही सारख्याच भासतात. दोन्ही मातीचेच रंग, आणि दोहोंचा तांबडेपणा लोहाच्या ऑक्साइडमुळे आलेला. नीट निरखले म्हणजे मात्र गेरूत नारिंगीची ऊब जाणवते, तर हिरमुजीवर जांभळ्याची किंचित सावली. द्रव्य एकच असता हा भेद का पडावा? याचे एक मोठे कारण कणांच्या आकारात आहे. कण अतिसूक्ष्म असले की रंग नारिंगीकडे झुकतो; ते मोठे झाले की जांभळट होतो. चुन्याच्या दाहकतेपुढे अनेक वनस्पतिजन्य रंग टिकत नाहीत. हे दोन्ही टिकतात. म्हणूनच राजस्थानातील हवेल्यांत, चुन्याच्या ओल्या गिलाव्यावरील चित्रांत, गेरू व ज्याला तिकडे हिरमिच म्हणतात तो रंग शेजारी शेजारी नांदतात.

रूपाने इतके जवळचे हे रंग कुळाने मात्र भिन्न आहेत. गेरू हा घरचा. संस्कृत ‘गैरिक’ म्हणजे गिरीपासून झालेले. जवळच्या डोंगरातून आणावा, पाण्यात कालवावा आणि भिंतीला लावावा. वारली घरांच्या भिंतींवर तांदळाच्या पिठाची पांढरी चित्रे उठून दिसतात ती याच्याच आधारावर.

हिरमुजीच्या नावात मात्र समुद्र आहे. इराणच्या आखाताच्या मुखाशी होर्मुझ नावाचे बेट आहे. तेथील माती तांबडीलाल, आणि गोड्या पाण्याची वानवा. तरीही व्यापाराच्या बळावर ते विलक्षण वैभवास चढले होते. तेथून घोडे आपल्या चौल-दाभोळास उतरत. रशियन प्रवासी निकितिन सुमारे १४६९ साली तेथूनच निघून चौलास पोहोचला. १५१५ साली पोर्तुगीजांनी त्या बेटावर पक्का ताबा बसवला. १६२२ साली शाह अब्बासाने इंग्रजांच्या साह्याने ते घेतले आणि व्यापार समोरच्या किनाऱ्यावरील बंदर अब्बासकडे वळला. बंदराचे वैभव ओसरले. रंगाचे नाव राहिले.

गंमत अशी की, याच जातीच्या जांभळट तांबड्याला इंग्रज चित्रकार ‘इंडियन रेड’ म्हणत आले. आपण त्याच्यावर होर्मुझचा शिक्का मारला, इंग्रजांनी आपला! माल ज्या दिशेने येतो, त्या दिशेचे नाव त्याला चिकटते.

आज रंगाचे डबे क्रमांकांनी ओळखले जातात. क्रमांकाने छटा बिनचूक मिळते, पण ती कोठून आली हे तो सांगत नाही. नाव मूळ गावाचे आणि वस्ती दूरच्या भिंतीवर, ही हिरमुजीची अवस्था परप्रांती राहणाऱ्या आपणांस अपरिचित नाही. तेव्हा घरातील वडीलधाऱ्यांना रंगांची जुनी नावे एकदा विचारून ठेवावीत. शब्द गेला की डोळ्याला तो भेद दिसेनासा होण्यास फार काळ लागत नाही.