जांग्याची कुळकथा

सुपरमॅनच्या अंगावरची लाल चड्डी २०११ साली उतरली. डीसी कॉमिक्सने त्या वर्षी आपल्या सगळ्या मालिका पुन्हा पहिल्या अंकापासून सुरू केल्या, आणि त्या साफसफाईत ती गेली. २०१३च्या ‘मॅन ऑफ स्टील’मध्ये पडद्यावरूनही गेली. कॉमिक्समध्ये ती परतली २०१८च्या एप्रिलमध्ये, ‘ॲक्शन कॉमिक्स’च्या हजाराव्या अंकात. चित्रपटात दिसायला मात्र २०२५चा जुलै उजाडावा लागला. मधली सगळी वर्षं मला ती चड्डी हवी होती. लोकांना हा हट्ट बालिश वाटतो, मला वाटत नाही.

त्या जुलैत मी भाच्याला घेऊन तो चित्रपट पाहायला गेलो. तो सात वर्षांचा. सुपरमॅन पडद्यावर आला तसा तो मोठ्यांदा म्हणाला, “मामा, ह्यानं चड्डी वरून का घातलीय?” पुढच्या रांगेतले दोघं-तिघं हसले. प्रश्न जुना आहे. माझ्या शाळेत तो होता, आमच्या गल्लीत होता, आणि उत्तर म्हणून प्रत्येक वेळी हशाच मिळायचा. खरं उत्तर लांबचं आहे, पॅरिसपासून सुरू होतं.

पण पॅरिसला जाण्याआधी शब्दाचा घोळ मिटवू. आपण ‘चड्डी’ म्हणतो आणि तिथंच फसतो, कारण चड्डी म्हटलं की आतला कपडा डोळ्यांसमोर येतो. मग आतला कपडा बाहेर आला, की हसू येणारच. इंग्रजीत ह्या कपड्याला ट्रंक्स म्हणतात. मुष्टियोद्ध्याचे, पोहणाऱ्याचे असतात ते ट्रंक्स. तो कपडा मुळात बाहेर घालायचाच. आपल्याकडे त्याला नेमका शब्द आहे आणि तो तालमीत आहे: जांग्या. आत लंगोट, वर जांग्या. आजोबांचा जांग्या मी पाहिलेला आहे. जाड मांजरपाट, मांडीपाशी दुहेरी शिलाई, कमरेला नाडी, आणि आखाड्याच्या मातीनं कायमचा तांबूस झालेला रंग. आजी तो इतर धुण्यात घालायची नाही. मागच्या पडवीत त्याला वेगळी खुंटी होती. त्या कपड्याकडे बघून घरात कधी कुणी हसलं नाही.

आता पॅरिस. १८५९च्या नोव्हेंबरमध्ये तिथल्या एका सर्कशीत ज्यूल लेओतार नावाच्या तरुणानं एका झुल्यावरून दुसऱ्या झुल्यावर झेप घेऊन दाखवली. तो तुलूझचा. वडिलांची व्यायामशाळा होती, तिच्यात पोहण्याचा तलाव होता, आणि त्या तलावावर झुले टांगून त्यानं हा खेळ बसवला होता. चुकलं तर पाण्यात. झुल्यावर सैल कपडे चालत नाहीत. बाही दोरीत अडकली तर जीव जातो. म्हणून तो अंगाला घट्ट बसणारा, एकसंध विणलेला पोशाख घालायचा. त्याचा दुसरा फायदा असा की खाली बसलेल्यांना दंडापासून पोटरीपर्यंत प्रत्येक स्नायूचं काम दिसायचं. लेओतार १८७० साली ऐन तारुण्यात गेला, पण त्या पोशाखाला इंग्रजीत आजही त्याच्याच नावानं लिओटार्ड म्हणतात.

ह्या घट्ट पोशाखात एक अडचण होती. त्या काळी ताणून पुन्हा जागेवर येणारं कापड नव्हतं. लायक्राचा धागा १९५८चा. लेओतारच्या काळात विणकाम लोकरीचं, सुती नाहीतर रेशमाचं, आणि पाय फाकवून उडी मारली की उसवणार ते नेमकं मधल्या शिवणीवर. हजार माणसं बघत असताना ही जोखीम कोण घेईल? म्हणून वरून आखूड, मजबूत, वेगळ्या रंगाचा जांग्या आला. लाज राखली गेली आणि लांबच्या बाकावरच्या माणसाला शरीर कुठं वळतंय, कुठं दुमडतंय तेही कळायला लागलं. म्हणजे आपल्या पैलवानाची आणि पॅरिसच्या कसरतपटूची गरज एकच होती. दोघं एकमेकांना न भेटता एकाच कपड्यापाशी पोचले.

झुल्यावरून हा वेश सर्कशीतल्या ताकदवानांकडे गेला. साखळ्या तोडणारे, लोखंडी कांबी वाकवणारे, छातीवर दगड फोडून घेणारे. त्यांतला सगळ्यांत गाजलेला युजेन सँडो. १८६७ साली प्रशियात, क्योनिग्जबर्गला जन्मला. त्याची छायाचित्रं बघा: कमरेला कधी बिबट्याचं कातडं, पायांत पोटरीपर्यंत बंद गुंडाळलेल्या रोमन धाटणीच्या चपला. १९०४-०५च्या सुमारास तो हिंदुस्थानचा दौरा करून गेला. त्याचे खेळ पाहिलेलं आज कुणी नाही, पण त्याचं नाव आपल्या घराघरांत वाळत घातलेलं असतं. बिनबाह्यांच्या बनियनला आपण सँडो म्हणतो ना, तो हाच. दुकानात ‘दोन सँडो द्या’ म्हणणाऱ्या माणसाला आपण सव्वाशे वर्षांपूर्वीच्या एका पैलवानाचं नाव घेतोय हे ठाऊक नसतं.

आणि सर्कस तरी आपल्याला परकी कुठं आहे? पहिली हिंदी सर्कस काढली ती आपल्याच विष्णुपंत छत्र्यांनी, १८८० साली. एका परदेशी सर्कशीचा मुंबईतला खेळ पाहून त्यांनी ते मनावर घेतलं. पुढं सांगली-मिरजेच्या बाजूनं एकामागून एक सर्कशी निघाल्या, त्यांच्या तंबूंतून घट्ट विजारीवर चमचमता जांग्या घातलेले कसरतपटू गावोगाव फिरले. आमच्या पणज्यांनी तो वेश डोळे भरून पाहिला होता, सुपरमॅनचा जन्म व्हायच्या कितीतरी आधी.

सुपरमॅनचा जन्म क्लीव्हलंडचा. तिथल्या एका शाळेत दोन मुलं भेटली. जेरी सीगल लिहायचा, जो शूस्टर चित्रं काढायचा. दोघं १९१४ साली जन्मलेले, दोघं युरोपातून आलेल्या ज्यू घरांतले, लाजाळू, जाड चष्म्याचे. त्यांच्याबद्दल पुष्कळ लिहिलं गेलंय. पण एक गोष्ट मला सगळ्यांत मोलाची वाटते आणि तिच्यावर कुणी फारसं थांबत नाही. शूस्टरचे वडील शिंपी होते. सीगलच्या वडिलांचं जुन्या कपड्यांचं दुकान होतं. जगातला सगळ्यांत ओळखीचा पोशाख काढला तो एका शिंप्याच्या मुलानं आणि एका कपडेविक्याच्या मुलानं. कापड अंगावर कसं बसतं, शिवण कुठं येते, कुठल्या रंगाशेजारी कुठला रंग उठून दिसतो, हे ज्या घरांत रोज बोललं जातं त्या घरांतली ही पोरं.

घरं गरीब. शूस्टरकडे चित्रकाराची फळी नव्हती, आईच्या कणीक मळायच्या फळीवर कागद ठेवून तो काढायचा. पाव भाजायचा दिवस आला की फळी परत द्यावी लागायची. कागद म्हणजे पुड्या बांधायचे, नाहीतर भिंतीला लावायच्या कागदाच्या पाठकोऱ्या बाजू. स्वतः किडकिडीत, पण वजनं उचलायचा, शरीरसौष्ठवाची मासिकं जमवायचा. त्याच्या लहानपणी, १९२३ साली, झिशे ब्राइटबार्ट नावाचा पोलंडचा ज्यू पैलवान हातांनी लोखंड वाकवत अमेरिकेत खेळ करत फिरत होता. सुरुवातीच्या रेखाटनांत सुपरमॅनच्या पायांत बूट नाहीत, सँडोसारख्या बंद गुंडाळलेल्या चपला आहेत. कुळ कुठलं, हे त्या चपलाच सांगतात. उंच बूट मागाहून आले, पाठीवरचा झगा आला तो डग्लस फेअरबँक्सच्या मूकपटांतल्या तलवारबहाद्दरांवरून. कमरेवर हात ठेवून छाती काढून उभं राहणंही फेअरबँक्सचंच. पण मधला लाल जांग्या सर्कशीचा.

१९३८च्या मार्चमध्ये दोघांनी ह्या माणसाचे सगळे हक्क विकले. तेरा पानांची गोष्ट, पानाला दहा डॉलर. एकशे तीस डॉलर. त्यात जांग्याही गेला.

सुपरमॅनच्या आधी दोन वर्षं, १७ फेब्रुवारी १९३६ रोजी, अमेरिकी वृत्तपत्रांत एक घट्ट पोशाखातला माणूस येऊन गेला होता: ली फॉकचा फँटम, म्हणजे आपला वेताळ. फॉकनं त्याचे कपडे रॉबिन हूडवरून घेतले. वेताळाच्या मुळाशी नाटक-सिनेमातला धनुर्धारी आहे, तंबू नाही. रेघारेघांचा जांग्या मात्र त्यालाही आहेच. फॉकच्या मनात त्याचा रंग करडा होता. १९३९ साली त्याची रविवारची रंगीत मालिका निघाली तेव्हा छापताना तो जांभळा झाला आणि मग जांभळाच राहिला.

वेताळ इकडे आला तो इंद्रजाल कॉमिक्समधून. टाइम्स ऑफ इंडियाने मार्च १९६४ मध्ये ती मालिका सुरू केली आणि १९९०पर्यंत चालवली. मराठीतही निघायची. बंगालशी गोंधळ नको म्हणून त्याच्या बंगाला देशाचं इथं डेंकाली झालं. माझ्याकडे रद्दीच्या दुकानातून आणलेले त्यांतले काही अंक अजून आहेत. एक अंक मी भिंगाखाली धरून पाहिलाय. जांभळा रंग रेषेच्या किंचित बाहेर घसरलेला, खांद्याबाहेर जांभळी कडा, दुसऱ्या खांद्यावर कोरा कागद. स्वस्त कागद, पातळ शाई, ठिपक्या-ठिपक्यांची छपाई. पण जांग्याच्या काळ्या रेघा मात्र जागच्या जागी. सगळं शरीर छपाईत हललं तरी कंबर कुठं आहे ते डोळ्याला चुकत नाही.

हे मी मुद्दाम सांगतोय, कारण जांग्या टिकला तो ह्या छपाईमुळे. कॉमिक्स चार शायांत छापली जायची: निळी, गुलाबी, पिवळी, काळी. छटा मोजक्याच, मऊ सावल्या नाहीत. अशा कागदावर मानेपासून टाचेपर्यंत निळा माणूस काढला तर तो निळा डागच दिसतो. उडताना, उलटा होताना, मुठी आवळताना त्याचं धड कुठं संपलं आणि पाय कुठं सुरू झाले ते कळायला हवं. लाल पट्टा मधोमध आला की कळतं. तंबूतल्या शेवटच्या बाकावरच्या प्रेक्षकासाठी जे झालं, तेच कागदावर वाचकासाठी झालं. जांग्या काढून टाकल्यावर काय झालं तेही बघा. चित्रकारांना जागोजागी शिवणी, पट्ट्या, चिलखतासारख्या रेघा भराव्या लागल्या, आणि तरी कंबर मोकळीच राहिली.

चित्रपटवाल्यांना ह्या वेशाची लाज कधीपासून वाटायला लागली ते सांगता येतं. १९७८ साली क्रिस्टोफर रीव्हनं लाल जांग्या घातला आणि त्यात इतका सरळ उभा राहिला की कुणाला हसायचं सुचलं नाही. १९८९ला टिम बर्टननं बॅटमॅनला काळ्या रबरी चिलखतात घातलं. २०००च्या ‘एक्स-मेन’मध्ये सगळ्यांना काळं चामडं, शिवाय जुन्या पिवळ्या पोशाखाची पात्रांच्या तोंडूनच टिंगल. त्यानंतर हाच रिवाज पडला: आधी आपणच आपल्या वेशाला हसून घ्यायचं, म्हणजे प्रेक्षक हसणार नाही. मला ह्याचा राग येतो. ज्याची लाज वाटते ते करू नये, करायचं तर मान वर करून करावं.

बॅटमॅनचं मी समजू शकतो. त्याला गुन्हेगारांना घाबरवायचं असतं, काळं चिलखत त्याला शोभतं. स्पायडरमॅनला तर जांग्या कधीच नव्हता आणि लागतही नाही. १९६२ साली स्टीव्ह डिटकोनं त्याच्या लाल-निळ्या कापडाची विभागणीच अशी केली की शरीराचा प्रत्येक भाग सुटा वाचता येतो, वर कोळ्याचं जाळं. तो उत्तम पोशाख आहे, त्याचं कुळ वेगळं. पण सुपरमॅनला चिलखत घालणं ही मला सरळ चूक वाटते. ज्याला गोळी लागत नाही त्याला चिलखत कशाला? चिलखत घातलेला माणूस लढाईला निघालेला दिसतो. सुपरमॅन मदतीला निघालेला असतो.

२०२५च्या चित्रपटाचा दिग्दर्शक जेम्स गन ह्यालाही जांग्या नकोच होता. बिनजांग्याचे नमुने करून झाले. मग नायकाचं काम करणाऱ्या डेव्हिड कोरेनस्वेटनं त्याला समजावलं. हा परग्रहावरचा माणूस आहे, डोळ्यांतून आग ओकू शकतो. पोरांनी आपल्याला घाबरू नये असं त्याला वाटत असेल, तर तो कुस्तीगिरासारखा दिसेल असेच कपडे घालील. गनला ते पटलं. हा किस्सा त्यानं स्वतःच सांगितलाय. तो मी वाचला तेव्हा मला पडवीतली ती खुंटी आठवली. लेओतारचं नाव न घेता, सँडोचं नाव न घेता, एक नट बरोबर मूळ घराच्या दाराशी जाऊन उभा राहिला होता.

भाच्याला मी हे सगळं घरी परतताना सांगितलं, जमेल तेवढं. त्याला शिंप्याची गोष्ट आवडली आणि कणकेची फळी आवडली. घरी पोचल्यावर त्यानं आईला बजावलं की ती चड्डी नाहीच.

तुमच्याही घरी कुणी हा प्रश्न विचारील. तेव्हा हसून टाळू नका. एवढंच सांगा: चड्डी नाही, जांग्या म्हणायचं, आणि तो बाहेरूनच घालतात.