पंचहौदाचा चहा आणि निफाडचे न्यायमूर्ती

निफाड म्हटले की लोकांस द्राक्षे आठवतात, आणि जानेवारीत वर्तमानपत्रांतून झळकणारे थंडीचे आकडे. अशाच जानेवारीत, १८ तारखेस, १८४२ साली महादेव गोविंद रानडे यांचा जन्म या गावी झाला. न्यायमूर्तींचे अर्थशास्त्र, प्रार्थना समाज, सामाजिक परिषद यांवर पुष्कळ लिहून झाले आहे. आम्हांस त्यांच्या चरित्रातील चहाची गोष्ट अधिक विचार करावयास लावते.

ऑक्टोबर १८९० मध्ये पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये एक सभा भरली. मिशन अँग्लिकन पंथाचे. सभेनंतर पाहुण्यांपुढे चहा-बिस्किटे आली. पाहुण्यांत रानडे होते, टिळकही होते. कोणी चहा घेतला, कोणी पेला नुसता हाती घेऊन यजमानांचा मान राखला. पुढे गोपाळराव जोशी (डॉ. आनंदीबाईंचे पती) यांनी उपस्थितांची नावे ‘पुणे वैभव’ पत्रात छापविली आणि एकच गहजब झाला. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले.

बहिष्कार हा शब्द आपण सहज उच्चारतो. त्याचा अर्थ मात्र स्वयंपाकघरात शिरल्यावाचून कळत नाही. श्राद्धास भिक्षुक येईना, मुंजीस ब्राह्मण मिळेना, पंगतीत पान मांडावे की नाही याची कुजबुज. टिळकांनी काशीस प्रायश्चित्त घेतले, तरी त्यांच्या घरच्या कार्यांत अडचणी आल्याच. सभेला गेले काही जण. किंमत मोजली ती सभेचे तोंडही न पाहिलेल्या घरच्या बायकामुलांनी.

रानडे यांना स्वतःस प्रायश्चित्ताची गरज वाटत नव्हती. तरीही १८९२ साली त्यांनी ते घेतले. आपल्यामागून मित्रांचीही वाट मोकळी व्हावी, त्यांच्या घरांतील ताटातूट मिटावी, हा हेतू. सुधारकांनी याला दुबळेपणा म्हटले. त्या माघारीने बहिष्काराच्या हत्याराला धारच आली, हा आक्षेप आम्हांसही खोडून काढता येत नाही. पण दुबळा मनुष्य स्वतःच्या बचावासाठी वाकतो. येथे ज्याला फारसे भय नव्हते त्यानेच आपली कीर्ती खर्ची घातली, आणि तीही दुसऱ्यांच्या चुली पेटत्या राहाव्यात म्हणून. तत्त्वनिष्ठेच्या तराजूत हे वजन सहसा कोणी टाकत नाही.

रमाबाई रानडे यांना हा निर्णय रुचला नाही. १८७३ मध्ये वयाच्या अकराव्या वर्षी त्या या घरात आल्या. पतीने त्यांना अक्षरओळखीपासून इंग्रजीपर्यंत शिकविले. त्यापायी घरातील वडीलधाऱ्या स्त्रियांचे टोमणे त्यांनी वर्षानुवर्षे सोसले, उलट उत्तर न देता. १६ जानेवारी १९०१ रोजी न्यायमूर्ती निवर्तले. पुढे १९१० मध्ये ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’ लिहिताना रमाबाईंनी आपली ती नाराजी झाकली नाही. ज्याने हाती लेखणी दिली त्याच्याशी झालेला मतभेद त्याच लेखणीने त्यांनी नोंदविला, आणि पुस्तकभर पसरलेला आदर त्यामुळे तसूभरही उणा झाला नाही.