सिग्रिड : विजयाचं नाव

आज आम्ही एका दूरदेशीच्या नावाची गोष्ट घेऊन आलो आहोत. युरोपच्या उत्तरेला नॉर्वे, स्वीडन, डेन्मार्क हे देश आहेत. तिथं मुलींचं एक जुनं नाव आहे, सिग्रिड. लाडानं म्हणतात सिरी.

हे नाव दोन शब्द जोडून झालंय. तिथल्या जुन्या नॉर्स भाषेत ‘सिगर’ म्हणजे विजय आणि ‘फ्रीद’ म्हणजे सुंदर, आवडती. आपल्याकडे जय आणि श्री मिळून जयश्री होतं ना, तसंच हे.

नाव किती जुनं? स्वीडनमध्ये रामसुंद या ठिकाणी एक मोठा खडक आहे. त्यावर ११व्या शतकातला लेख कोरलेला आहे. त्यात लिहिलंय, की होल्मगेर याच्या आत्म्यासाठी सिग्रिडनं हा पूल बांधवला. ती अलरिकची आई आणि ओर्मची लेक, अशी तिची ओळखही दिली आहे. पूल आज राहिला नाही. तो बांधवणारीचं नाव मात्र हजार वर्षं टिकलं.

दुसरी सिग्रिड आपल्या जवळच्या काळातली. नॉर्वेची लेखिका सिग्रिड उनसेट, जन्म १८८२. ती ११ वर्षांची असताना वडील गेले. तिघी बहिणींत ती थोरली. शिक्षण थांबलं आणि सोळाव्या वर्षी ती कचेरीत नोकरीला लागली. दहा वर्षं दिवसा नोकरी केली आणि उरलेल्या वेळात लिहीत राहिली. पुढे तिनं तिच्याही ६०० वर्षं आधीच्या नॉर्वेतल्या क्रिस्टिन नावाच्या बाईची कादंबरी तीन भागांत लिहिली. शेतीवाडी, बाळंतपणं, नवऱ्याशी तंटे, सगळं त्यात आलं. १९२८ साली तिला साहित्याचं नोबेल मिळालं. बक्षिसाचे पैसे तिनं दान केले. १९४० मध्ये हिटलरच्या फौजा नॉर्वेत घुसल्या. त्या लढाईत तिचा मुलगा मारला गेला. हिटलरच्या विरोधात लिहिलेलं असल्यानं तिला देश सोडावा लागला. अमेरिकेत राहून ती बोलत राहिली, लिहीत राहिली आणि १९४५ मध्ये मायदेशी परतली.

आता गंमत ऐका. संस्कृत आणि नॉर्स या भाषा एकाच मोठ्या कुळातल्या, जणू चुलत बहिणी. ‘फ्रीद’ हा शब्द आपल्या ‘प्रीती’चा आणि ‘प्रिय’चा नातलग. आणि ‘सिगर’ कुणाचा नातलग? संस्कृतमधल्या ‘सह्’ धातूचा. ऋग्वेदात ‘सहस्’ म्हणजे बळ, जिंकण्याची ताकद. त्यातूनच आपला ‘साहस’ शब्द आला. ‘सहन करणं’ हेही त्याच ‘सह्’चं.

म्हणजे एकाच मुळातून तिकडे विजय आला आणि आपल्याकडे सोसणं! ‘बाईनं सहन करावं’ हे आपण लहानपणापासून ऐकतो. पण त्या शब्दाच्या पोटात मुळात मात करण्याचं बळ आहे, हे आपल्याला कुणी सांगितलंच नाही. ‘सहन कर’ असं यापुढे कुणी म्हणालं, तर त्याच घरातला ‘साहस’ही आठवू या.

मैत्रिणींनो, गटाच्या पुढच्या बैठकीत एवढं करा. प्रत्येकीनं आपलं नाव कुणी ठेवलं आणि त्याचा अर्थ काय, ते सांगा. लग्नात नाव बदललं असेल, तर माहेरचं नावही सांगा. तीही आपलीच ओळख आहे.